सापोरोच्या बर्फाचा गोळा का वळत नाही?

फेब्रुवारीत जपानच्या टूरवर गेलेला आपला माणूस सापोरोला पोचला की पुढच्या दहा मिनिटांत काय करणार ते ठरलेलंच असतं. आधी हात पसरून वर बघायचं, मग जीभ बाहेर काढून फोटो, आणि मग दोन्ही हातांनी बर्फ उचलून मेव्हण्याला गोळा मारायचा. पण थंडी कडक असेल तर तो गोळा होतच नाही हो, कितीही दाबा, हातमोज्यातून पांढरी पूड भुरूभुरू गळत राहते, पाक न घालता रव्याचे लाडू वळायला बसल्यासारखं. आणि कारणही तेच, ओलावा नाही. तापमान शून्याच्या आसपास असलं की बर्फाच्या कणांवर पाण्याचा पातळ थर असतो, दाबलं की कण एकमेकांना चिकटतात आणि तिथेच गोठतात. कडाक्याच्या थंडीत हा थर नसल्यातच जमा, मग चिकटणार कशाने?

मुळात हा बर्फ आपल्या ओळखीचा नाहीच. आपल्याला माहीत असतो तो फ्रीजरच्या ट्रेमधला, नाहीतर वळवाच्या गारांचा, म्हणजे दोन्हीकडे पाणी गोठून झालेला. हिमकणाचं तसं नसतं. ढगातले बारीक थेंब शून्याच्या खाली, अगदी उणे १० ला सुद्धा पाणी म्हणूनच तरंगत राहू शकतात, त्यातला एखादा धुळीच्या कणामुळे गोठतो आणि मग हवेतली वाफ पाणी न होता थेट त्याच्यावर जमत जाते. आजूबाजूचे थेंब वाळत जातात आणि हा वाढत जातो. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनात बसतात म्हणून कणही सहा बाजूंचा.

हे सगळं ज्याने हातात धरून दाखवलं तो माणूस सापोरोचाच, म्हणजे तिथल्या होक्काइदो विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया. त्यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण वाढवला, आणि तो कशावर, तर सशाच्या केसावर! मग तापमान आणि दमटपणा बदलत त्यांनी तक्ताच तयार केला, उणे २ च्या आसपास चपट्या चकत्या, उणे ५ ला सुया, उणे १५ ला ती फांद्या फुटलेली चांदणी जी आपण ग्रीटिंग कार्डावर बघतो. म्हणजे जॅकेटच्या बाहीवर पडलेला कण नीट बघितला तर वरच्या ढगात किती थंडी होती याचा अंदाज बांधता येतो, मला तर हे त्या सगळ्या फोटोंपेक्षा भारी वाटतं.

आता इतका बर्फ येतो कुठून? सापोरोत एका हिवाळ्यात साधारण पाच मीटर बर्फ पडतो आणि हे जवळजवळ वीस लाख लोकांचं शहर आहे. सायबेरियाकडून कोरडं गार वारं सुटतं, वाटेत जपानच्या समुद्राचं त्यामानाने कोमट पाणी लागतं, तिथे ते वाफ भरून घेतं आणि पलीकडच्या डोंगरांना धडकून सगळं खाली टाकतं. अरबी समुद्र, सह्याद्री आणि कोकणातला पाऊस, गणित तेच, फक्त मोसम उलटा. डोंगरापलीकडे टोकियोत मात्र हिवाळा बहुतेक कोरडा आणि उन्हाचा, घाटमाथा ओलांडून पुढे आलं की आपल्याकडे पाऊस कमी होतो ना, तसाच प्रकार.

ताज्या बर्फात बहुतेक जागा हवेचीच असते, दहा सेंटीमीटर वितळवला तर पाणी जेमतेम एक सेंटीमीटर. त्या पोकळ्यांमध्ये आवाज जिरतो म्हणून बर्फ पडल्यावर शहर एकदम गप्प वाटतं. आणि हो, गॉगल न्याच, ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो, डोळे चुरचुरायला लागतात.

खरा त्रास नंतर. पायांनी आणि टायरांनी दाबलेला बर्फ दुपारी जरासा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी फुटपाथ गुळगुळीत काच. यासाठी चौकाचौकात बारीक खडीच्या पिशव्यांची पेटी ठेवलेली असते, कुणीही पिशवी काढून पायापुढे टाकावी आणि पुढे जावं. पर्यटक त्या पेटीकडे बघतही नाहीत आणि मग सिग्नलला धपकन बसतात.