डोहाळजेवण आणि बेबी शॉवर: आमंत्रण पाठवण्याआधी एवढं ठरवा

गेल्या दोन-तीन वर्षांत मला आलेली आमंत्रणं परवा फोनमध्ये पुन्हा काढून पाहिली. जवळजवळ प्रत्येकावर वर ‘बेबी शॉवर’ आणि खाली कंसात ‘डोहाळजेवण’, नाहीतर उलट. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘अहो, एकच की! आपण डोहाळजेवण म्हणतो, ते बेबी शॉवर म्हणतात.’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता सविस्तर लिहायलाच हवं. ही दोन्ही एक नाहीत. एक समजून केली, की फटका बसतो तो मुलीच्या आई-वडिलांना, कारण कार्यक्रम बहुतेक वेळा तेच करत असतात.

डोहाळजेवण काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. सातवा महिना, तेव्हा जमलं नाही तर नववा. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा किंवा चंद्र किंवा होडी, सुवासिनींनी भरलेली ओटी, डोहाळ्यांची गाणी, आणि तिच्या आवडीचं जेवण. तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात भरतात ती चोरओटी, ती वेगळी. हिंदी भाषकांची गोदभराई, कानडी लोकांचं सीमंत, तमिळ लोकांचा बांगड्या भरण्याचा वळैकाप्पू ही सगळी आपल्याच घरातली भावंडं. त्यांची सरमिसळ झाली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

बेबी शॉवर अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरोघरी पाळणे हलू लागले आणि दुकानं बाळाच्या सामानानं भरली, त्या काळात तो फोफावला. ‘शॉवर’ म्हणजे वर्षाव, आणि तो भेटवस्तूंचा. फुगे, केक, खेळ या गोष्टी दोन्हीकडे असल्या काय नि नसल्या काय, त्यात मी शिरत नाही. साडी की गाऊन, यावर तर वाद घालूच नये.

खरी अडचण एकच आहे: देणारा कोण आणि घेणारा कोण?

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पुण्यात, व्हायला हवं होतं. पण नोकरी तिकडे, विमा तिकडचा, डॉक्टर तिकडचे. शिवाय बऱ्याच विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर घेतच नाहीत. तेव्हा माहेरच बॅगा भरून तिच्याकडे गेलं. आम्ही दोघांनी ठरवलं, डोहाळजेवण आपण करायचं. जावई म्हणाले, ‘आई, माझ्या आणि हिच्या ऑफिसातल्यांनाही बोलावू.’ आनंदच होता. मुलीनं इंग्रजीत कार्ड केलं, वर ‘बेबी शॉवर’ लिहिलं, आणि खाली यजमान म्हणून आमची दोघांची नावं.

दुसऱ्याच दिवशी तिच्या एका मैत्रिणीनं विचारलं, ‘रजिस्ट्री कुठल्या दुकानात केली आहेस?’ रजिस्ट्री म्हणजे आपल्याला काय काय हवं त्याची दुकानात नोंदवलेली यादी. पाहुणे त्यातलं एकेक विकत घेतात. मुलीनं तसलं काही केलंच नव्हतं. मग ऑफिसातल्या एक वयस्कर बाई तिला बाजूला घेऊन फार प्रेमानं म्हणाल्या, ‘हे आम्ही मैत्रिणींनी करायला हवं होतं गं, तुझ्या आई-वडिलांना का त्रास?’ मुलीला वाटलं, त्या आमची काळजी करतायत. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

का अवघडलं? तिकडच्या जुन्या शिष्टाचाराप्रमाणे शॉवर आईनं, सासूनं किंवा सख्ख्या बहिणीनं करायचा नसतो. पाहुण्यांनी भेटी आणाव्यात यासाठीच तो कार्यक्रम असतो. मग मुलीच्या आईनं बोलावणं धाडलं, की त्याचा अर्थ ‘माझ्या लेकीला वस्तू द्या’ असा होतो. म्हणून मैत्रिणी, सहकारी किंवा लांबच्या नात्यातल्या कुणीतरी पुढाकार घ्यायचा. आता हा नियम सैल झालाय, कितीतरी आया करतात. पण साठी-सत्तरीतल्या बायकांच्या मनात तो अजून पक्का आहे, आणि आपल्या लेकींच्या ऑफिसात अशा बायका असतात.

आता आपल्याकडचं पाहा. डोहाळे हा शब्द ‘दोहद’ वरून आलाय. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून गर्भवतीला दोन हृदयं असलेली, ‘दौहृदिनी’ म्हणतात, आणि तिच्या इच्छा डावलू नयेत. याज्ञवल्क्यस्मृती तर सरळ सांगते, दोहद पुरवलं नाही तर गर्भाला दोष लागतो, ‘तस्मात्कार्यं प्रियं स्त्रियाः’. त्या बाईला जे प्रिय असेल ते करा. यातलं वैद्यक आज कुणी मानू नये. पण जेवण कशासाठी मांडलंय, ते त्यात स्वच्छ दिसतं. यजमान तिचं मन भरावं म्हणून देतो. पाहुण्यांनी यायचं, ओटी भरायची, जेवायचं, आशीर्वाद द्यायचा. असं असताना आई-वडिलांनी यजमान होणं यात चुकीचं काय? त्यांच्याइतका देण्याचा हक्क कुणाचा? सासरीही करतात, काही घरांत दोन्हीकडे होतं. दोघांनाही देण्याची हौस असते, म्हणूनच होतं.

कार्यक्रम कुठल्या जातीचा हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. सगळे पाहुणे रिकाम्या हातानं आले, तर कार्यक्रम पार पडेल का? डोहाळजेवण पडेल, पूर्णपणे. ओटीचं सामान घरच्यांनीच तबकात मांडून ठेवलेलं असतं: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, एखादं फळ. पाहुणीनं तेच उचलायचं आणि ओटीत घालायचं. बेबी शॉवर मात्र पार पडणार नाही. भेटी उघडून पाहायच्या, हाच त्याचा मधला तासभर असतो.

आमच्या त्या दिवशी दोन्ही गोष्टी एकाच हॉलमध्ये समोरासमोर आल्या. मुलगी पाटावर बसलेली, डोक्यावर मी रात्री जागून ओवलेली मोगऱ्याची वेणी (तिथे मोगरा एका भारतीय दुकानात मिळाला, मोजून सहा गजरे). माझी धाकटी जाऊ पदरात तांदूळ घालत होती. आणि समोरच्या खुर्चीत लेकीच्या ऑफिसातली एक तरुण मुलगी मांडीवर भलामोठा, सोनेरी रिबीन बांधलेला खोका धरून बसलेली. तो केव्हा द्यायचा, हे तिला कळेना. तिच्याकडे भेट सगळ्यांसमोर उघडतात, न उघडणं हा देणाऱ्याचा अपमान. आपल्याकडे आलेलं पाकीट पाहुण्यांसमोर उघडणं हा असभ्यपणा. दीड तास तो खोका तिच्या मांडीवर होता. शेवटी जावयांच्या लक्षात आलं. आमची चूक होती. शॉवर म्हणून बोलावलं आणि शॉवर केलाच नाही.

याच्याशीच चिकटलेली दुसरी गोष्ट: कार्यक्रम आईचा की बाळाचा? डोहाळजेवणात एकूण एक गोष्ट आईसाठी असते. साडी तिची, फुलं तिची, जेवण तिच्या आवडीचं. बाळाला अजून नाव नाही, घरात पाळणा टांगलेला नाही. कितीतरी घरांत बाळाचं सामान जन्माआधी आणतच नाहीत. फार तर आजीनं जुन्या मऊ धोतराची दोन-चार झबली शिवून कपाटात ठेवलेली असतात, त्यांची वाच्यता होत नाही. ही केवळ आपलीच रीत आहे असंही नाही. अमेरिकेतल्या अनेक ज्यू कुटुंबांत याच भावनेनं जन्माआधी शॉवर करत नाहीत. बाळासाठी आहेर आपल्याकडे येतो तो बाराव्या दिवशी, बारशाला. तेव्हा बेबी शॉवरला मराठीत जोड शोधायचीच असेल, तर ती बारशात शोधा. वाटी-चमचा, वाळे, दुपटी, कपडे: तो वर्षाव तिथे होतो.

शॉवरवाल्यांना कमी लेखायचं माझ्या मनात नाही. तिकडे गरज खरी असते. गाडीत बाळासाठी वेगळी सीट हवी, असा कायदा अमेरिकेच्या ५० राज्यांत आहे, त्यामुळे बाळाला दवाखान्यातून घरी आणायच्या आधी ती सीट गाडीत बसवलेली लागते. मदतीला आजी-मावशी नसते, रजा तुटपुंजी. दहा मैत्रिणींनी मिळून सामान उभं केलं, की त्या घराला खरंच आधार होतो. फक्त तो आधार मागण्याचं काम आपल्या आई-वडिलांच्या नावावर टाकू नका.

आता जोडप्याचं. ‘कपल’ बेबी शॉवर निघालेत, आणि मग ऐकू येतं की नवरा शेजारी बसणं ही परदेशी फॅशन, डोहाळजेवण बायकांचंच. अर्धं खरं. लोकाचारातलं डोहाळजेवण बायकांनी बाईसाठी केलेलं, तिथे पुरुष जेवायच्या पंगतीपुरते. पण सोळा संस्कारांतलं सीमंतोन्नयन त्याच्याच जवळपास होतं, आणि त्यात सगळं नवऱ्याच्याच हातून. साळिंदराचा काटा, दर्भ आणि उंबराच्या कच्च्या फळांचा घोस घेऊन पतीनं पत्नीच्या केसांचा भांग वर काढायचा, हा त्यातला मुख्य विधी. आश्वलायन गृह्यसूत्र तो चौथ्या महिन्यात सांगतं, पारस्कर सहाव्या किंवा आठव्या. तेव्हा जावई पाटावर बसले म्हणून कुणी नाकं मुरडू नयेत. माझं स्पष्ट मत आहे, त्यानं बसावंच. आमच्या जावयांनी तिच्या केसांतून एक गजरा स्वतः माळला, हात थरथरत होते. तेवढ्या वेळात हॉलमधला आवाज आपोआप कमी झाला. फक्त याला सीमंतोन्नयन म्हणू नका. गुरुजी नाहीत, होम नाही, मंत्र नाहीत, तर तो संस्कार झाला नाही. डोहाळजेवणच झालं, आणि ते छान झालं.

दोन गोष्टींवर मात्र मी ऐकून घेत नाही.

पहिली, गुलाबी-निळ्याची. ‘मुलगा की मुलगी’ असा पट्टा खांद्यावर, अर्धे फुगे निळे, अर्धे गुलाबी, केक कापून आतला रंग पाहायचा. हा शॉवरही नाही. ‘जेंडर रिव्हील’ म्हणून २००८ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालेला तिसराच प्रकार आहे. भारतात गर्भाचं लिंग सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो कायदा का करावा लागला हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. त्याची सजावट डोहाळजेवणाला आणू नका. आणि तेवढ्याच जोरानं सांगते, वाटीखाली पेढा की बर्फी हा आपला खेळही बंद करा. पेढा निघाला की जो आवाज उठतो आणि बर्फी निघाली की जो उठतो, त्यातला फरक त्या पाटावर बसलेल्या मुलीला ऐकू येतो. आम्ही दोन्ही वाट्यांखाली आंबाबर्फी ठेवली होती, तिला तीच आवडते.

दुसरी, ओटी कुणी भरायची. माझ्या सासूबाई त्या वेळी ऐंशीच्या पुढे, सासरे जाऊन चौदा वर्षं झालेली. त्या पुण्यातून व्हिडिओ कॉलवर होत्या आणि स्वतःच म्हणाल्या, ‘मी लांबूनच बघते.’ माझ्या लग्नानंतर माझं डोहाळजेवण ज्यांनी स्वतः रांधलं, त्यांनी लांबून का बघावं? मुलीनं फोन पाटाशी ठेवायला सांगितला. आजीनं तिकडे स्वयंपाकघरात मूठभर तांदूळ हातात घेऊन ‘भरली गं ओटी’ म्हटलं, आणि इकडे तिच्या नावानं मी घातले. सवाष्णींचीच ओटी हा नियम ज्यांना पाळायचा असेल त्यांनी आपल्या घरी पाळावा. माझ्या घरी आता पाळला जाणार नाही.

तर परदेशात लेकीसाठी तुम्हीच करणार असाल, तर माझा सल्ला साधा आहे. आई-वडिलांच्या नावानं जाणारं आमंत्रण डोहाळजेवणाचंच ठेवा. इंग्रजी कार्डावरही ‘डोहाळजेवण’ हाच शब्द रोमन लिपीत लिहा, खाली एका ओळीत सांगा की होणाऱ्या आईला आवडीचं जेवू घालण्याचा आमच्याकडचा कार्यक्रम आहे, आणि त्याच्या खाली ठळक लिहा: ‘कृपया भेटवस्तू आणू नयेत.’ मैत्रिणींना शॉवर करायचा असेल तर त्यांना वेगळ्या दिवशी, त्यांच्या नावानं, त्यांच्या पद्धतीनं करू द्या. तिथे रजिस्ट्री असू द्या, खोके सगळ्यांसमोर उघडू द्या, आणि तुम्ही पाहुणे म्हणून जा. जाताना काहीतरी घेऊन जा.

माझ्या धाकट्या भाचीचं येत्या मार्चमध्ये आहे, टोरांटोत. वहिनीला मजकूर मीच लिहून दिलाय. तिनं भेटवस्तूंची ओळ खोडली होती, ‘बरं दिसत नाही’ म्हणून. मी ती परत घातली.