कंबर दुखतेय की पेल्विक सांधे?

सातव्या महिन्यात रात्री कूस बदलताना मी कळवळून जागी व्हायचे. घरात सगळ्यांचं एकच, "कंबर ती, या दिवसांत दुखणारच." मग फिजिओथेरपिस्टने सांगितलं, "एका बोटाने जागा दाखवा." बोट कमरेवर गेलंच नाही. ते थेट खाली, पार्श्वभागाच्या वरच्या खळीवर टेकलं.

कंबरदुखी बरगड्यांच्या खाली, मणक्याच्या आजूबाजूला असते. वाकलं, वजन उचललं, ओट्याशी फार वेळ उभं राहिलं की वाढते. पेल्विक दुखणं, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या सांध्यांचं दुखणं, त्याहून खाली असतं. मागे माकडहाडाच्या वर दोन्हीकडच्या सांध्यांत, नाहीतर समोर, जांघांच्या मधल्या हाडात. कधी मांडीतही उतरतं. एका पायावर भार आला किंवा पाय फाकले की चमक येते: जिन्यावर, रिक्षातून उतरताना, उभ्याने सलवार घालताना. साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला हे होतं, तरी नाव मात्र कंबरेचंच होतं.

नाव चुकलं की उपायही चुकतो. कंबरदुखीत थोडं चालणं बहुतेकींना मानवतं. पेल्विक दुखण्यात लांब फेरी मारली की रात्री त्रास वाढतो. "उकिडवी बसून फरशी पूस, बाळंतपण सोपं जाईल" हा सल्ला तर अशा बाईला कृपा करून देऊ नका. तिने गुडघे जुळवून, मध्ये उशी धरून कूस बदलावी. कपडे बसून घालावेत. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा. पेल्विक पट्टा कमरेवर नाही, खाली खुब्यांभोवती बसतो. तो फिजिओकडूनच बांधायला शिकावा. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

कळा थांबून थांबून येत असतील, रक्तस्राव, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर कंबर की पेल्विक हा विचार सोडून लगेच दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतर बहुतेकींचं दुखणं हळूहळू ओसरतं. पण पोट बांधलं म्हणजे सांध्यांना आधार मिळाला, असं नाही. मांडी घालून पाजताना दुखत असेल तर खुर्चीत, पाय टेकवून बसा. सव्वा महिना उलटूनही चमक येत असेल तर अंगावर काढू नका, फिजिओकडे जा. मला बाळ कडेवर घेण्याएवढं झाल्यावर पुन्हा कळ आली, कारण मी त्याला सतत डाव्याच कडेवर घेत होते. पोटाशी, मधोमध धरायला लागले तेव्हा ती कमी झाली.