आपला सॅम्पलसंग्रह: लावणे, शोधणे आणि जपणे (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडून सॅम्पल पॅक (गाण्यात वापरण्यासाठी तयार आवाजांच्या फायलींचा संच) घेणाऱ्या किंवा स्टुडिओतील संगणकाची मांडणी करून घेणाऱ्या ग्राहकांची सर्वांत मोठी अडचण एकच असते: आवाज डिस्कवर असतो, तो पूर्वी ऐकून पसंतही केलेला असतो, पण ऐन वेळी सापडत नाही. चाल सुचलेली असताना किक (ड्रमचा खर्जातील ठोका) शोधण्यात अर्धा तास गेला, तर किक मिळेपर्यंत चाल निसटलेली असते. ही वेळ आपल्यावर येऊ नये, यासाठी रोजच्या कामातून आम्हांला जे पटले आहे ते येथे सविस्तर मांडत आहोत.

मूळ फाइल हलवण्यापूर्वी

संगीतनिर्मितीच्या बहुतेक सॉफ्टवेअरांत प्रोजेक्टची फाइल आकाराने लहान असते. तिच्यात आवाज नसतो. तो आवाज कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरात आणि कोणत्या नावाने ठेवला आहे, एवढा पत्ता तिच्यात लिहिलेला असतो. त्यामुळे आवराआवरीच्या उत्साहात एखाद्या फोल्डरचे नाव बदलले किंवा तो दुसरीकडे हलवला, की त्यातील आवाज वापरलेले जुने सगळे प्रोजेक्ट एका क्षणात पोरके होतात, आणि ते लक्षात येते सहा महिन्यांनी, एखादे गाणे पुन्हा उघडण्याची वेळ आल्यावर.

आमच्या एका ग्राहकाने जुनी बाहेरची डिस्क बदलली आणि नव्या डिस्कवर सगळा संग्रह जसाच्या तसा उतरवून घेतला. फोल्डरच्या नावातील एक अक्षरही बदललेले नव्हते. मात्र विंडोजने नव्या डिस्कला ‘ई’ऐवजी ‘एफ’ हे अक्षर दिले आणि प्रोजेक्ट उघडताच फाइल सापडत नसल्याच्या सूचनांची रांग लागली. त्यांनी रात्रभर बसून एकेक फाइल हाताने जोडली. दुसऱ्या दिवशी आम्ही डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन नव्या डिस्कला ‘ई’ हे अक्षर परत दिले, तेव्हा उरलेले सर्व प्रोजेक्ट दोन मिनिटांत पूर्ववत उघडले. मॅकवर डिस्कचे नाव हाच पत्त्याचा भाग असतो, म्हणून तेथे नव्या डिस्कला जुन्या डिस्कचेच नाव द्यावे.

यावर कायमचा उपाय म्हणजे प्रोजेक्टमध्ये वापरलेल्या सगळ्या सॅम्पलांची प्रत त्या प्रोजेक्टच्याच फोल्डरात घेणे. एबलटन लाइव्हमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’, क्यूबेसमध्ये ‘प्रिपेअर आर्काइव्ह’ आणि एफएल स्टुडिओत ‘झिप्ड लूप पॅकेज’ या सोयी त्यासाठीच आहेत. रीपरमध्ये ‘सेव्ह अॅज’ करताना माध्यमफायली प्रोजेक्टच्या फोल्डरात उतरवण्याचा पर्याय मिळतो. यात जागा वाया जाते, अशी शंका अनेक जण घेतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मिनिटाचा स्टीरिओ आवाज सुमारे १७ मेगाबाइट भरतो आणि ड्रमचा अर्ध्या सेकंदाचा एकेरी ठोका जेमतेम १४४ किलोबाइट. गाणे पुन्हा उघडेल याची खात्री एवढ्या जागेत मिळत असेल, तर ती जागा आनंदाने द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फोल्डर

विकत घेतलेला पॅक फोडून त्यातील किक एका फोल्डरात, स्नेअर (ड्रमचा करकरीत ठोका) दुसऱ्या फोल्डरात अशी वाटणी आम्ही सुचवत नाही. पॅक ज्या रूपात आला त्याच रूपात, निर्मात्याच्या नावाच्या फोल्डरात, परवान्याच्या कागदासह ठेवावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये. आपण स्वतः ध्वनिमुद्रित केलेले किंवा आपल्याच प्रोजेक्टमधून बाहेर काढलेले आवाज वेगळ्या फोल्डरात ठेवावेत. तेथे मात्र ठोके, बेस (खर्जातील सूर), सुरावटी, मानवी आवाज, वातावरण अशी कामानुसार विभागणी जरूर करावी. फोल्डरात फोल्डर तीन पातळ्यांच्या खाली नेऊ नयेत. विंडोजमध्ये अनेक प्रोग्राम फाइलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आतच हाताळू शकतात, आणि लांबलचक नावांचा पॅक खोलवरच्या फोल्डरात उघडला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

नावात काय असावे

आपल्या स्वतःच्या सॅम्पलला नाव देताना आधी तो आवाज कशाचा आहे ते लिहावे, मग त्याचा पोत, आणि लूप (पुन्हा पुन्हा वाजवता येणारा तुकडा) असल्यास लय व स्वर. ‘बेस_गडद_१००_ए-मायनर’ असे नाव दोन वर्षांनीही बोलते. ‘नवीन लूप फायनल २’ हे नाव दुसऱ्या आठवड्यात मुके होते. क्रमांक ०१, ०२ असे शून्यासह लिहावेत, कारण काही सॉफ्टवेअरांतील ब्राउझर (फायली शोधण्याची चौकट) १ नंतर थेट १० दाखवतात.

लय ठाऊक नसेल तर ती काढणे अवघड नाही. लूपमधील मात्रा मोजाव्यात, त्यांना ६० ने गुणावे आणि लूपच्या सेकंदांतील लांबीने भागावे. १६ मात्रांचा लूप ९.६ सेकंदांचा असेल, तर त्याची लय मिनिटाला १०० मात्रा. लूपच्या शेवटी गुंजनाची शेपटी उरलेली असेल तर हे उत्तर चुकते, म्हणून शेवटची मात्रा जिथे संपते तेथपर्यंतचीच लांबी धरावी.

लयीने शोध घेताना निम्मी आणि दुप्पट लयही तपासावी. ज्याला एक निर्माता ७० म्हणतो, त्याच लूपवर दुसरा १४० लिहितो, आणि दोघेही बरोबर असतात. स्वराच्या बाबतीतही हेच घडते. ‘ए शार्प’ आणि ‘बी फ्लॅट’ हे कीबोर्डवर एकाच पट्टीचे दोन उच्चार आहेत. काही पॅकमध्ये पहिला असतो, काहींत दुसरा, आणि शोधाच्या चौकटीला हे नाते ठाऊक असेलच असे नाही. शिवाय ‘ए मायनर’ आणि ‘सी मेजर’ यांतील स्वर तेच असल्यामुळे, एकात काही सापडले नाही तर दुसऱ्यात जरूर पाहावे. एवढ्या माहितीवर अनेकांचा संग्रह हाताशी एकदम दुप्पट झाल्यासारखा वाटतो, हे आम्ही वारंवार पाहिले आहे.

काही वेव्ह फायलींच्या पोटात लय, मात्रासंख्या आणि मूळ स्वर यांची नोंद असते. अॅपल लूपमध्येही अशी नोंद असते. अशी फाइल दुसऱ्या प्रोग्राममधून नव्याने निर्यात केली किंवा एमपी३ मध्ये बदलली, की ही नोंद गळून पडण्याची शक्यता असते. जागा वाचवण्यासाठी संग्रहाचे एमपी३ करू नये, याचे आवाजाच्या दर्जाइतकेच हेही कारण आहे.

ऐकण्याची वेगळी बैठक

आमच्या अनुभवात सर्वांत मोठा फरक येथे पडतो. शोधणे आणि रचणे ही दोन कामे एका बैठकीत करू नयेत. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास केवळ ऐकण्यासाठी बसावे, जे आवडेल त्यावर खूण करावी आणि उठावे. त्याहून अधिक वेळ कान ताजे राहत नाहीत. शंभरावी किक पहिल्या किकसारखीच वाटू लागते. खूण करण्यासाठी लाइव्हमध्ये सात रंगांचे ‘कलेक्शन्स’ आहेत, क्यूबेसच्या मीडियाबेमध्ये तारे देता येतात आणि एफएल स्टुडिओच्या ब्राउझरमध्ये टॅग लावता येतात. लाइव्हच्या १२व्या आवृत्तीत एका आवाजासारखे इतर आवाज शोधून देण्याची सोयही आली आहे. अशा खुणांमुळे फाइल जागची हलत नाही, आणि एकच आवाज ‘गडद’ व ‘लहान’ अशा दोन्ही यादींत राहू शकतो, जे फोल्डरांत प्रती केल्याशिवाय जमत नाही.

ऐकताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. मोठ्याने वाजणारा आवाज कानाला बहुधा अधिक चांगला वाटतो. पॅकमधील सॅम्पले अनेकदा शक्य तितकी मोठी करून दिलेली असतात, म्हणून ब्राउझरच्या पूर्वश्रवणाचा आवाज उतरवून, आपल्या ट्रॅकच्या पातळीशी जुळवूनच निवड करावी. दुसरे म्हणजे, प्रोजेक्ट वाजत असतानाच त्यावर सॅम्पल ऐकावे आणि लूपसाठी लय जुळवण्याचे बटण चालू ठेवावे. एकट्याने ऐकलेली भरदार किक बेस सुरू होताच चिखल करते, आणि एकट्याने बारीक वाटलेली किक त्याच बेसच्या वर स्वच्छ उभी राहते. ही परीक्षा सोलोमध्ये होऊच शकत नाही.

दुबार फायली, परवाने आणि राखीव प्रत

नाव सारखे म्हणून फाइल पुसू नये. ‘किक ०१’ जवळजवळ प्रत्येक पॅकमध्ये असते. फायलीतील मजकुराची तुलना करणारे साधन वापरावे, आणि तरीही जुन्या प्रोजेक्टांची प्रत वर सांगितल्याप्रमाणे घेऊन झाल्यावरच पुसावे.

मोफत मिळालेल्या आवाजाचाही परवाना असतो. २००५ साली बार्सिलोनातील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात सुरू झालेल्या ‘फ्रीसाउंड’ या संग्रहात काही आवाज विनाअट वापरता येतात, काहींसाठी श्रेय द्यावे लागते आणि काही व्यावसायिक कामात चालत नाहीत. उतरवून घेतानाच परवाना आवाजाशेजारी साठवावा. गाणे प्रकाशित करण्याच्या आदल्या रात्री तो शोधणे फार कष्टाचे असते.

संग्रहाची किमान एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी. अनेक सॉफ्टवेअरांत टॅग आणि आवडीच्या खुणा ध्वनिफायलीत न राहता सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदीत राहतात, त्यामुळे फक्त सॅम्पलांचा फोल्डर जपला तर वर्षभर केलेल्या खुणा संगणक बदलताना हरवू शकतात. सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा फोल्डरही राखीव प्रतीत घ्यावा.

संग्रह आमच्याकडून लावून घ्यायचा असल्यास डिस्क आहे त्या स्थितीत आणावी, आधी काहीही आवरू नये, आणि सध्या काम चालू असलेले दोन-तीन प्रोजेक्ट सोबत द्यावेत. आम्ही काम सुरू करण्यापूर्वी ते प्रोजेक्ट आपल्यासमोर उघडून दाखवतो आणि काम संपल्यावर तेच पुन्हा उघडून दाखवतो.