रॅन्समवेअर

रॅन्समवेअर : संगणकावरील माहिती कूटबद्ध करून (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलून) ती परत खुली करून देण्यासाठी खंडणी मागणारा अपायकारक आज्ञावलींचा प्रकार. शासकीय कार्यालये, शाळा व विद्यापीठे ही त्याची नेहमीची लक्ष्ये होत.

याचे पहिले उदाहरण म्हणून सामान्यतः डिसेंबर १९८९ मधील ‘एड्स ट्रोजन’चा दाखला देतात. जोसेफ पॉप या जीवशास्त्रज्ञाने सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने धाडल्या. त्यांवर एड्सच्या धोक्याविषयीची प्रश्नावली होती. संगणक साधारण ९० वेळा सुरू झाला की फाइलींची नावे कूटबद्ध होत आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याची मागणी पडद्यावर येई. पॉपला अटक झाली, परंतु मानसिक स्थितीमुळे ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला चालू शकला नाही. मात्र या आज्ञावलीत फाइलींमधला मजकूर शाबूत राहत असे आणि कुलूप घालण्याची (कूटबद्ध करण्याची) व उघडण्याची किल्ली (गुप्त संकेतांक) एकच होती. ही किल्ली आज्ञावली तपासूनच शोधता आली व त्यावर उतारा लवकर निघाला. ही अडचण दूर करणारी मांडणी ॲडम यंग व मोती युंग यांनी १९९६ मध्ये केली : कुलूप सार्वजनिक किल्लीने (जी फक्त बंद करू शकते) घालावे व खाजगी किल्ली (जिनेच ते उघडते) हल्लेखोराने स्वतःकडेच ठेवावी. म्हणजे आज्ञावली कितीही उसवून पाहिली तरी उघडण्याची किल्ली हाती लागत नाही. तांत्रिक वंशावळ पाहता आजच्या रॅन्समवेअरचा उगम १९९६ च्या या मांडणीत मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९८९ चा प्रकार हा फार तर पूर्वावतार.

प्रत्यक्षात दोन पद्धतींचा संकर आढळतो. सार्वजनिक किल्लीची गणिते संथ असल्याने मोठ्या फाइली एईएससारख्या जलद सममित (बंद करण्यास व उघडण्यास एकच किल्ली असलेल्या) पद्धतीने बंद करतात. त्यासाठी घडवलेली तात्पुरती किल्ली मग हल्लेखोराच्या सार्वजनिक किल्लीने, बहुधा आरएसए या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीने, बंद केली जाते. किल्ली घडवताना वापरलेल्या यादृच्छिक संख्या ओळखता येण्याजोग्या निघाल्या किंवा तात्पुरती किल्ली संगणकाच्या स्मृतीत शिल्लक राहिली, तर खंडणी न देता उलगडा होण्याची आशा असते. अन्यथा संगणकापासून अलग ठेवलेल्या राखीव प्रती हाच मुख्य आधार. पण २०१९ च्या अखेरीपासून ‘मेझ’ टोळीने माहिती आधी चोरून ती उघड करण्याची धमकी देणे रूढ केले आणि तो आधारही अपुरा ठरू लागला.

पैसे माग न लागता घ्यायचे कसे, हा प्रश्न बराच काळ अडसर होता. ‘क्रिप्टोलॉकर’ या रॅन्समवेअरने सप्टेंबर २०१३ पासून बिटकॉइन या आभासी चलनामध्येही खंडणी स्वीकारली व धंदा फोफावला. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती.

अमेरिकेतील अटलांटा शहराकडे मार्च २०१८ मध्ये सुमारे ५१,००० डॉलर मागण्यात आले. शहराने ते दिले नाहीत, पण दुरुस्तीचा खर्च त्याच्या कित्येक पट झाला. कोस्टारिकात एप्रिल २०२२ मध्ये कर व सीमाशुल्काची यंत्रणा ठप्प झाली आणि मे महिन्यात राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करावी लागली.

ऑनलाइन शिक्षणाचे परावलंबन नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या मेरिलंड राज्यातील बाल्टिमोर काउंटीत दिसले. महासाथीमुळे शिक्षण ऑनलाइन चालू होते. हल्ला होताच सुमारे १,१५,००० विद्यार्थ्यांचे वर्ग काही दिवस थांबले. शाळांच्या इमारतींना धक्काही लागला नव्हता. इलिनॉयमधील लिंकन कॉलेज मे २०२२ मध्ये १५७ वर्षांनंतर बंद पडले, त्याचे खापर अनेकदा एकट्या रॅन्समवेअरवर फोडले जाते. संस्थेने मात्र महासाथीचाही उल्लेख केला होता.

खंडणी द्यावी की नाही याबाबत एकवाक्यता नाही. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मधील हल्ल्यानंतर ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे २,००,००० यूरो, भरले. तपासात त्यांतील काही भाग एका खात्यात सापडला. मूळ किंमत सुमारे ४०,००० यूरो असलेला तो हिस्सा २०२२ मध्ये परत मिळण्याच्या सुमारास बिटकॉइनचा भाव वाढल्यामुळे ५,००,००० यूरोंच्या घरात गेला होता.