मीठ

मीठ (नपुं.) : खारट चवीचा, पाण्यात विरघळणारा स्फटिकरूप पदार्थ, मुख्यतः सोडियम क्लोराइड. त्याचे स्फटिक घनाकृती असतात आणि खडेमिठात हा आकार नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटते ते बहुतांशी त्यात राहून गेलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडामुळे. शुद्ध सोडियम क्लोराइड इतक्या सहज ओलावा धरत नाही.

व्युत्पत्ती : संस्कृतात या पदार्थाला ‘लवण’ म्हणतात. त्यापासून आलेला ‘लोण’ हा शब्द मराठीत शेंदेलोण (सैंधव, म्हणजे सिंधू प्रदेशातले), पादेलोण, लोणचे अशा शब्दांपुरता उरला. (‘लोणी’ मात्र या कुळातले नव्हे, ते ‘नवनीत’पासून आले.) ‘मीठ’ सामान्यतः संस्कृत ‘मृष्ट’ या शब्दाशी जोडतात. ‘मिष्ट’ हे त्याचेच प्राकृत वळणाचे रूप असावे. मृष्टान्न व मिष्टान्न ही जोडी प्रसिद्धच आहे. ‘मिठाई’ याच मुळाची असल्याने खारट पदार्थाला गोडाचे नाव कसे, हा प्रश्न उरतो. काहींच्या मते हे मंगलभाषण आहे, म्हणजे मिठाचे नाव सरळ न घेता त्याला गोड म्हणण्याची रीत. पण ‘मृष्ट’ म्हणजे मुळात घासून-धुऊन स्वच्छ केलेले, नीट सिद्ध केलेले आणि म्हणून रुचकर. ‘गोड’ हा संकुचित अर्थ त्यातूनच पुढे आला असावा. तसे असल्यास अन्नाला रुची आणणारे ते मीठ, हा अर्थ सरळ लागतो आणि मंगलभाषणाची कल्पना करावी लागत नाही. गुजरातीत ‘मीठुं’ आजही गोड आणि मीठ या दोन्ही अर्थांनी वापरतात. हा बदल नेमका कधी झाला हे ठरवणे कठीण; तो एका टप्प्यात झाला नसावा. ‘लावण्य’ हा शब्दही परंपरेने ‘लवण’पासूनच साधतात.

भाषिक उपयोग : खाल्ल्या मिठाला जागणे (कृतज्ञ राहणे), तिखटमीठ लावून सांगणे, जखमेवर मीठ चोळणे, मिठाची गुळणी धरणे (बोलायला हवे तेव्हा गप्प बसणे), दुधात मिठाचा खडा पडणे. मिठाच्या अभावाला ‘अळणी’ हा स्वतंत्र शब्द आहे, तो ‘अलवण’पासून, लिखाण बेचव असले की त्यालाही तो लागतो. ‘नमकहराम’ फारसी-अरबी वळणाचा.

शास्त्रीय अर्थ : आम्ल व आम्लारी यांच्या विक्रियेतून पाण्याबरोबर तयार होणारे संयुग. यासाठी कोशांत बहुधा ‘लवण’, तर शालेय पुस्तकांत ‘क्षार’ आढळतो. आयुर्वेदात क्षार व लवण वेगळे मानले असल्याने ‘लवण’ अधिक निःसंदिग्ध ठरते. या अर्थाने मोरचूद, तुरटी व सोरा हीही लवणेच. त्यांची चव खारट असेलच असे नाही आणि मोरचूद तर विषारी आहे.