साआरा दे लोस आतुनेस

स्पेनच्या दक्षिणेला कादिस प्रांतातलं अटलांटिक किनाऱ्यावरचं जुनं मच्छीमार गाव, कारभार बार्बाते नगरपालिकेत. ओळख ब्लूफिन ट्यूनाची, म्हणजे आपल्या कुप्याचा थोरला भाऊबंद. एप्रिल ते जूनमध्ये हा मासा अंडी घालायला जिब्राल्टरमार्गे भूमध्य समुद्रात शिरतो, तेव्हा किनाऱ्याजवळ नांगर टाकून रोवलेल्या जाळ्यांच्या चक्रव्यूहात, म्हणजे आल्माद्राबात, तो धरतात. कोनिल, बार्बाते आणि तारिफालाही अशीच जाळी लागतात.

ही पद्धत किती जुनी यावर एकमत नाही. पर्यटनवाले सरसकट सांगतात की ती 3000 वर्षं जुनी, फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी व्यापारी लोकांची. कादिसच्या प्राचीन नाण्यांवर ट्यूना आहे, जवळच्या बाएलो क्लाउदिया या रोमन नगरात मासे खारवायचे दगडी हौद आजही दिसतात, पण त्यातून मासेमारी आणि खारवणं सिद्ध होतं, जाळ्याची रचना नाही. 13व्या शतकाच्या अखेरीस इथले मासेमारीचे हक्क गुस्मान घराण्याला मिळाले, हेच पुढे मेदिना सिदोनियाचे ड्यूक, आणि त्यांच्या काळात बुरुजावरून टेहळ्या इशारा द्यायचा, होड्या थव्याला वेढा घालायच्या आणि माणसं किनाऱ्यावरून जाळं ओढायची, अगदी कोकणातल्या रापणीसारखं. ड्यूकांची मक्तेदारी 1817 मध्ये संपली. आजचं रोवलेलं जाळं इथे बहुधा 18व्या शतकाच्या आसपास रुळलं असावं, हेच मत जास्त पटतं.

जाळं उचलण्याला लेवान्ता म्हणतात. भरती-ओहोटीच्या मधे प्रवाह मंदावला की होड्या चौकोन करून तळाचं जाळं वर घेतात, पाणी उथळ होत जातं आणि 200 किलोचे मासे फेस काढत उसळतात. हल्ली पाणबुडे खाली उतरून मासे निवडतात, पकडीवर आंतरराष्ट्रीय कोटा आहे, आणि तो हवाच, कारण हा मासा मधे फार कमी झाला होता. नंतरची कापणी म्हणजे रोंकेओ, त्यात सुरी कण्यावरून घासत जाते तेव्हा खरखर आवाज येतो. पोटाचा चरबीदार भाग म्हणजे वेंत्रेस्का, आणि मासा खारवून वाळवला की मोहामा.

बघायला ड्यूकांचा किल्लेवजा वाडा आहे, राहणं, चाच्यांपासून बचाव आणि मासे खारवणं सगळं एकाच तटात चालायचं. जायचं तर मे महिन्यात जावं, तेव्हा गावभर ट्यूनाचे तापास, म्हणजे छोट्या बश्यांतले चटकमटक पदार्थ, मिळतात, फक्त लेवान्ते हा पूर्वेचा वारा जोरात सुटला की होड्या बाहेर पडत नाहीत, म्हणून हाताशी एखाद-दोन दिवस जास्तीचे ठेवावेत.