वर्तमानात जगणे : कोल्हापूरच्या संदर्भात

चालू क्षणी जे समोर आहे, हातात आहे किंवा अंगाला जाणवते आहे त्यावर अवधान ठेवून वागणे. झाल्या गोष्टीची उजळणी आणि न झालेल्या गोष्टीची धास्ती यांत मन अडकू न देणे. धर्मसाधना, तत्त्वज्ञान आणि गेल्या काही दशकांत मानसोपचार या तिन्ही क्षेत्रांत या कल्पनेला महत्त्व आहे. लोकव्यवहारात मात्र तिचे दोन अर्थ होतात आणि ते एकमेकांपासून बरेच लांब आहेत. ‘उद्याचं उद्या बघू’ ही मोकळीक हा एक. क्षणभरही गाफील न राहणे हा दुसरा. कोल्हापूरकराच्या बोलण्यात पहिला अर्थ जास्त ऐकू येतो. इथली कसबे, कुस्ती आणि गाणे यांच्याकडे पाहिले, तर या शहराने दुसराच अर्थ अधिक कसोशीने जोपासल्याचे दिसते.

पहिल्या अर्थाची कीर्ती मोठी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी जमणारी रस्सामंडळे, रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी रंगणाऱ्या गप्पा, तालमींच्या संघांच्या फुटबॉल सामन्यासाठी कामधंदा बाजूला ठेवून शाहू स्टेडियमवर लोटणारी पेठ, यांतून ‘नाद खुळा’ म्हणणारे शहर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ, कोमट दूध ग्लासात देतात. ते तिथेच उभे राहून प्यायचे असते. घरी नेले की ते धारोष्ण राहत नाही. मौजेची ही बाजू खरी असली, तरी सोपी आहे. ती शिकावी लागत नाही.

शिकावे लागते ते गुऱ्हाळावर. गुळाचा हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत घेतात. खाली चुलवाणात वाळकी चिपाडे जळत असतात. रस तापू लागला की भेंडीचे चिकट पाणी घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. पुढचे दोन-अडीच तास काम सावकाश चालते. माणसे बोलतात, एकमेकांची चेष्टा करतात, कोणी उसाचे कांडे सोलत बसतो. शेवटची काही मिनिटे मात्र गुळव्याची, म्हणजे गूळ तयार करणाऱ्या कारागिराची असतात. रस आटतो, बुडबुडे जड होतात, त्यांचा आवाज पालटतो, फेसाचा रंग बदलतो. गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांत गोळी वळते का ते पाहतो. पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो तेव्हा काहील उतरवायची असते. मुरलेला गुळव्या हे तापमान मोजत नाही, ओळखतो. लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, मऊ पडतो. उशीर झाला तर करपतो, काळवंडतो आणि बाजारात भाव पाडून घेतो. काहिलीतला पाक पुन्हा मागे नेता येत नाही. त्या मिनिटांत गुळव्याला कोणी हाक मारत नाही, आणि मारली तरी तो ओ देत नाही.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ वसवली. आज कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे. हा सगळा लौकिक कोणाच्या तरी नजरेने नेमकी वेळ पकडल्यावर अवलंबून राहिलेला आहे. पण काहिलीतला ऊस आडसाली असेल, तर तो सुमारे दीड वर्षापूर्वी लावलेला असतो. त्याच्या मागे पाण्याच्या पाळ्या असतात, खताचा हिशेब असतो, सोसायटीचे कर्ज असते. म्हणजे निर्णायक क्षण कितीही छोटा असला, तरी त्याची तयारी लांबलचक असते आणि ती करणारा माणूस सतत पुढचा विचार करत असतो. वर्तमानात जगण्यावरच्या उपदेशात हा भाग हमखास गाळला जातो.

कुस्तीत हेच अधिक उघडपणे दिसते. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधले प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधला आखाडा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्याने, कुठेही बसले तरी कुस्ती दिसते. मातीवरची जुनी कुस्ती निकाली. तिला गुण नाहीत आणि मूळ पद्धतीत घड्याळही नाही. पाठ लागेपर्यंत ती चालते. सुरुवातीला खडाखडी होते. दोघे एकमेकांचा जोर अजमावतात, हात झटकतात, मान दाबून पाहतात. हलगी कडाडत असते, लोक ओरडत असतात, आणि बराच वेळ काहीच घडत नाही असे नवख्याला वाटते. मग एका झटक्यात ढाक किंवा धोबीपछाड असा एखादा डाव बसतो आणि बसलेले मैदान उठून उभे राहते. हरलेल्या पैलवानाविषयी जाणकारांचा निवाडा बहुतेक वेळा एकच असतो : ताकद कमी पडली नाही, गाफील राहिला.

गाफील न राहणे शिकवून येते का? गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत ते वर्षानुवर्षे शिकवले गेले आहे, पण उपदेशाने नव्हे. पहाटे उठून जोर-बैठका, मग हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली माती उकरणे. या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखतात. त्यानंतर वस्तादाच्या नजरेखाली तोच डाव आणि त्याची तोड पुन्हा पुन्हा. इतकी वर्षे गेल्यावर ऐन कुस्तीत पैलवान डाव ‘आठवत’ नाही. आठवायला बसला तर तेवढ्यात समोरचा आत शिरतो. डाव अंगात मुरलेला असतो, म्हणून मन समोरच्याच्या हालचालीसाठी मोकळे राहते. मॅटवरच्या कुस्तीने वेळेचे गणित बदलले. आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि गुण साठत जातात. आघाडीवर असलेला मल्ल उरलेल्या सेकंदांचा हिशेब करू शकतो. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. मातीतला मल्ल मॅटवर गेला की त्याला सावधपणा नव्याने शिकावा लागत नाही. घड्याळाकडे बघायला मात्र शिकावे लागते.

गाण्याच्या बाबतीत थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उस्ताद अल्लादियाखाँ कोल्हापूर दरबारात आले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथे रुजली; केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. या गायकीत जोडरागांची, म्हणजे दोन राग जोडून केलेल्या रागांची गुंतागुंत असते आणि तालाच्या मात्रेला धरून स्वरवाक्य पुढे सरकते. गायकाला आधीचे आवर्तन (तालाचा पूर्ण फेरा) विसरता येत नाही, समेचे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचे ठिकाण नजरेआड करता येत नाही, आणि चालू मात्रा सोडताही येत नाही. १८८३ मध्ये सुरू झालेल्या गायन समाज देवल क्लबसारख्या संस्थेमुळे असे गाणे ऐकणारा, समेवर मान डोलावणारा श्रोताही शहरात तयार झाला. केवळ आत्ताचा स्वर ऐकतो त्याला सम सापडत नाही. क्षणाला मागचे-पुढचे काहीच चिकटलेले नसते, असे मानणाऱ्यांनी एखादी विलंबित, म्हणजे संथ लयीतली चीज बसून ऐकावी.

अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव हे क्षणाच्या मोलाचे शहराने सार्वजनिक केलेले रूप म्हणता येईल. देवीचे मुख पश्चिमेला आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या परंपरेने मानलेल्या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येऊन मूर्तीपर्यंत पोचतात : पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी पूर्ण मूर्तीवर. वर्षातून दोनदाच असे होण्याचे कारण खगोलीय आहे. २१-२२ डिसेंबरला सूर्य सर्वांत दक्षिणेला मावळतो. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीतल्या या तारखा त्या दिवसापासून दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच अंतरावर, सुमारे एकेचाळीस दिवसांवर पडतात, त्यामुळे सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. मूर्तीवरचा प्रकाश काही मिनिटेच टिकतो. ढग, धुरके किंवा वाटेत उभी राहिलेली बांधकामे आडवी आली, तर त्या वर्षी किरण चरणांवर किंवा कमरेपर्यंत येऊन लुप्त होतात. ती मिनिटे मोबाइलच्या पडद्यात पाहणारेही बरेच असतात. त्यांना दोष द्यायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. दर्शन मात्र त्यांचेही तेवढ्याच मिनिटांचे.

भारतीय परंपरेत या कल्पनेचे उगम अनेक आहेत. पाली त्रिपिटकातील भद्देकरत्त सुत्तात ‘अतीतं नान्वागमेय्य, नप्पटिकंखे अनागतं’ असे सांगितले आहे : गेलेल्याच्या मागे लागू नये, येणाऱ्याची आस धरू नये, जे आत्ता समोर आहे ते जिथल्या तिथे स्पष्ट पाहावे. परंपरेनुसार बुद्धाचे अखेरचे शब्दही अप्रमादाचे, म्हणजे गाफील न राहण्याचेच आहेत. जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रात महावीर गौतमाला तेच बजावतात : एक समयभरही प्रमाद करू नकोस. हे सूत्र श्वेतांबरांचे; कोल्हापूर भागातील जैन समाज बहुतांशी दिगंबर आहे. पण सामायिकाची, म्हणजे दोन घटका (४८ मिनिटे) समभावाने बसण्याची साधना दोन्ही पंथांत आहे. तुकाराम ‘आयुष्य खातो काळ सावधान’ म्हणतात, तर रामदास ‘मनी मानव व्यर्थ चिंता वहाते, अकस्मात होणार होऊन जाते’ असे मनाला समजावतात. दोघांचाही सूर मौजेचा नाही. मौजेचा सूर चार्वाकांच्या नावावर टाकला जातो, ‘ऋण काढून तूप प्या’ हे वचन धरून. चार्वाकांचे म्हणणे आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळते, त्यामुळे ते त्यांनी तसेच म्हटले होते असे समजणे धाडसाचे आहे.

आधुनिक मानसशास्त्रात अमेरिकेतील जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानपद्धतीचा धार्मिक भाग वगळून श्वास आणि शरीर यांवर अवधान ठेवण्याचा सराव त्यात होता. नैराश्य पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या रुग्णांसाठी पुढे त्यातूनच एक उपचारपद्धती तयार झाली. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना दिवसभरात मोबाइलवरून अधूनमधून विचारले, की आत्ता काय करता आहात, मन कशात आहे आणि कसे वाटते आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते, आणि अशा वेळी माणसे कमी आनंदी असल्याचे दिसले. हा अभ्यास नको इतका उद्धृत होतो. भरकटलेल्या मनातच उद्याची आखणी होते आणि अडलेल्या प्रश्नाचे उत्तरही कधीकधी तिथेच सापडते, याची नोंद त्याच्या जोडीला क्वचितच दिली जाते.

कोल्हापूरजवळ हातकणंगले तालुक्यातील आळते येथे, रामलिंगच्या वाटेवर, सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिरात साधक मौन पाळतात, फोन जमा करतात, पहाटे चारला उठतात. सुरुवातीचे दिवस फक्त नैसर्गिक श्वासाकडे पाहण्यात जातात. तेच सर्वांत अवघड गेल्याचे अनेक जण सांगतात.

या कल्पनेवरील सर्वांत गंभीर आक्षेप पंचगंगेच्या काठावर सहज समजतो. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. ज्याच्या घरात छतापर्यंत पाणी आले, त्याला जुलैचा पाऊस सुरू झाल्यावर ‘वर्तमानात राहा’ म्हणणे निव्वळ उद्धटपणा ठरेल. त्याची धास्ती अनुभवातून आलेली आहे आणि ती त्याला वेळेवर सामान हलवायला लावते. उद्याची तजवीज झालेल्यालाच आजवर निर्धास्त लक्ष देता येते, हेही खरे. राधानगरी धरणाचे काम शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास सुरू केले. मध्यंतरी ते पैशांअभावी थांबले, १९२२ मध्ये महाराज गेले, आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. त्याचे पाणी अडलेले त्यांनी पाहिले नाही. इतक्या पुढे पाहणाऱ्या राजाला वर्तमानाचे भान नव्हते, असे कोणी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप वैद्यकीय आहे. पूर, अपघात किंवा हिंसेच्या आघातातून गेलेल्या काही व्यक्तींना डोळे मिटून शांत बसल्यावर त्याच आठवणी अधिक तीव्रतेने येतात. त्यांना मानसोपचारतज्ज्ञ सहसा डोळे उघडे ठेवून, थोड्या वेळापासून आणि कोणाच्या तरी सोबतीने सराव सुरू करायला सुचवतात. विपश्यना शिबिरांच्या प्रवेशअर्जातही मानसिक आजार आणि चालू औषधे यांची माहिती विचारलेली असते.